धावपटूंचे पाठीराखे : सर दोराबजी टाटा

इ. स. १९१९ च्या सुमाराची गोष्ट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे क्रीडांगण त्या वेळी फार लहान होते. रूळ न फिरविलेली, गवताने भरलेली ती ओबडधोबड जमीन होती. शंभर यार्डांची शर्यत सरळ रेषेत पळता यावी एवढी सोयही तेथे नव्हती; म्हणून ती शर्यत वळणावरून पळविण्याचे घाटत होते. प्रत्येक धावपटूची वाट वेगळी राहावी म्हणून लावावयाच्या दोऱ्याही तेथे नव्हत्या. अशा त्या मैदानावर वार्षिक सामन्यांसाठी जे तरुण जमले होते, ते शेतात राबणाऱ्या कुटुंबांतील होते. त्यांचे खाणे साधे, गरिबाघरचे. बहुतेकांच्या पायांत काही नव्हते. युरोपात शर्यतींचे नियम कोणते आणि धावपटूची तयारी कशी करून घेतात, याचा त्यांना गंधही नव्हता.

अध्यक्षस्थानी साठीला पोहोचलेले एक पारशी गृहस्थ होते. त्यांनी तरुणपणी इंग्लंडमध्ये मैदाने गाजताना पाहिली होती. स्वतःही गाजविली होती. या मैदानाचे आणि या सामन्यांचे वैगुण्य त्यांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यती पाहताना त्यांच्या ध्यानी एक निराळीच गोष्ट आली. ही अनवाणी पोरे पल्ला पुरा करावयास जो वेळ घेत होती, तो युरोपातील धावपटूंच्या वेळेहून फारसा मागे नव्हता. कोणी शिकविले नसता, कोणी खुराक दिला नसता, हे होत होते. मग यांना शिकविणारा मिळाला तर काय होईल, हा प्रश्न त्या गृहस्थांच्या मनात उभा राहिला आणि तो पुढे त्यांना स्वस्थ बसू देईना. ते गृहस्थ म्हणजे सर दोराबजी टाटा होत.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. मुंबईत प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर १८७५ साली वडिलांनी त्यांना इंग्लंडला धाडले आणि १८७७ साली ते केंब्रिज विद्यापीठातील एका महाविद्यालयात दाखल झाले. तेथे दोनच वर्षे ते राहिले. पण त्या दोन वर्षांत क्रिकेट व फुटबॉल या दोन्ही खेळांत त्यांनी महाविद्यालयाचे मानचिन्ह मिळविले. इंग्लंडातील त्या विद्यापीठांत ग्रंथालयाइतकेच मैदानालाही महत्त्व असे. पहाटे नदीवर नौका वल्हविणारे आणि सायंकाळी धावपट्टीवर घाम गाळणारे विद्यार्थी रात्री दिव्यापाशी ग्रीक आणि गणित वाचीत. दोराबजींना हे सारे फार मानवले. १८७९ साली ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातून त्यांनी १८८२ साली पदवी घेतली.

पदवी घेतल्यावर दोन वर्षे त्यांनी एका इंग्रजी वृत्तपत्रात काम केले आणि नंतर वडिलांच्या व्यवसायात पाऊल टाकले. परंतु इंग्लंडातील मैदाने त्यांच्या मनातून गेली नव्हती. मुंबईच्या शाळांत त्या काळी अभ्यासाखेरीज दुसरे काही नसे. मधल्या सुटीत मुले अंगणात उभी राहत आणि घंटा झाली की पुन्हा वर्गात जात. धनिकाच्या या मुलाने इंग्रज मित्रांच्या साह्याने मुंबईतील अनेक शाळांचा एक क्रीडासंघ उभारला आणि त्याचे चिटणीसपद स्वतः पत्करले. चिटणीसाचे काम मानाचे कमी आणि कष्टाचे अधिक असते. सामने ठरवावयाचे, मैदाने मिळवावयाची, पंच गोळा करावयाचे, पत्रे लिहावयाची, हे सारे त्यालाच पाहावे लागते. प्रथम क्रिकेटचे सामने सुरू झाले आणि त्यामागून धावण्याच्या व उड्यांच्या शर्यती. विलायतेतील विद्यापीठांत ज्या शर्यती होत, त्यांपैकी बहुतेक सर्व मुंबईच्या शाळकरी मुलांना खेळावयास मिळू लागल्या. पुढे जे मोठे काम त्यांच्या हातून झाले, त्याचा धडा त्यांनी येथे गिरविला होता.

दरम्यान व्यवसायाचा भार वाढत गेला. नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत त्यांनी अनुभव घेतला. १८९८ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाई टेनिस उत्तम खेळत, आणि तेही साडी नेसून. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना उभारावा हे जमशेटजींचे जन्माचे स्वप्न होते. त्यासाठी लोहखनिज शोधीत एका अमेरिकी भूगर्भतज्ज्ञासह दोराबजी चांदा जिल्ह्याच्या जंगलात बैलगाडीतून हिंडले. तेथे लोखंड सापडले, पण कारखान्याला पुरेल असे साधन जवळपास मिळेना. निराश होऊन, हा शोध आपण सोडून देत आहो असे सरकारी अधिकाऱ्यांना कळविण्यास ते नागपुरास गेले. भेटीला अवकाश होता म्हणून समोरच्या वस्तुसंग्रहालयात सहज शिरले. तेथे मध्यप्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण दाखविली होती. झाले, शोध पुन्हा सुरू झाला. हातातील काम सोडून द्यावयास गेलेला मनुष्य ते काम अधिक नेटाने उचलून परत आला, असा हा प्रसंग आहे. आणि दोराबजींच्या आयुष्यात असे एकदाच घडले नाही.

१९०४ साली जमशेटजी निवर्तले. मरणापूर्वी दोन वर्षे त्यांनी दोराबजींना एक पत्र लिहिले होते. कारखान्याभोवती जे गाव वसेल, त्यात रुंद रस्ते असावेत, त्यांच्या कडेला लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत आणि फुटबॉल व हॉकी यांसाठी मोठमोठ्या जागा मोकळ्या राखाव्यात, अशी इच्छा त्यांनी त्यात प्रकट केली होती. कारखान्याची जागाही मुक्रर झाली नव्हती, तेव्हा हा पिता मजुरांच्या मुलांच्या मैदानाचा विचार करीत होता! पुढे साकची येथे, म्हणजेच आजच्या जमशेदपुरात, १९१२ साली पोलाद निघू लागले. खोपोली येथे पाण्यापासून वीज निर्माण करून ती १९१५ साली मुंबईला पुरविण्यात आली. १९१० सालीच सरकारने दोराबजींना सर ही पदवी दिली होती. एवढ्या व्यापात असलेल्या माणसाने पुण्याच्या एका लहानशा मैदानावरील शर्यतींकडे लक्ष द्यावे याचे अनेकांस नवल वाटले असेल. पण त्यांच्या लेखी ते काम लहान नव्हते.

त्या अनवाणी पोरांच्या पायांत एवढे बळ कोठून आले, हे जाणण्यासाठी त्या काळचे दख्खनचे पठार डोळ्यांपुढे आणले पाहिजे. पुण्याच्या पूर्वेचा कोरडा मुलूख असो, की तेव्हा निजामाच्या अमलाखाली असलेले केज, पाटोदा, आष्टी यांसारखे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील भाग असोत, खेड्यापाड्यांतील माणसाचे वाहन म्हणजे त्याचे पाय. बाजार दोन-तीन कोसांवर, पाणी अर्ध्या कोसावर, लग्नकार्य दूरच्या गावी आणि रस्ता बहुधा दगडगोट्यांचा. लहानपणापासून असे चालणाऱ्या-पळणाऱ्या मुलाची छाती रुंदावते, श्वास लांबतो आणि पायाचे तळवे चामड्यासारखे टणक होतात. आजही हे खरे आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक पटकाविले. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा बालपणी सहा किलोमीटरांवरील शाळा पायी गाठीत असे. मात्र त्याला पुढे सैन्यात शिक्षक, धावपट्टी आणि योग्य आहार मिळाला. १९१९ मधील पोरांना यांपैकी काहीच नव्हते.

नुसत्या बळावर लांब पल्ल्याची शर्यत जिंकता येत नाही. ज्याने आरंभी सारा दम खर्च केला, तो शेवटी बसतो. कोणत्या मैलाला किती वेग ठेवावयाचा, चढणीवर पाऊल कसे टाकावयाचे, सरावाचे अंतर आठवड्या-आठवड्याने किती वाढवावयाचे आणि कोणत्या दिवशी मुळीच पळावयाचे नाही, हे सांगणारा जाणता माणूस पाठीशी लागतो. या माणसाचे आणि धावपटूचे नाते गवयाच्या घरातील गुरुशिष्यांसारखे असते. अशी माणसे त्या वेळी हिंदुस्थानात जवळजवळ नव्हतीच.

पुण्याच्या पुढील सामन्यांना मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. दोराबजींनी त्यांच्यापाशी विषय काढला. बेल्जममधील अँटवर्प शहरी १९२० साली ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. हिंदुस्थानाला त्यात स्थान मिळावे, यासाठी गव्हर्नरांनी इंग्लंडमधील मंडळींकडे शब्द टाकावा, अशी त्यांनी गळ घातली. तोपर्यंत या सामन्यांत हिंदुस्थानाचे नाव एकदाच लागले होते. १९०० साली पॅरिस येथे कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळविली होती. पण ते एकटेच गेले होते, देशाने निवडून पाठविलेला संघ असा तो नव्हता. आता गव्हर्नरांच्या खटपटीस यश आले आणि परवानगी मिळाली. तीन धावपटूंना स्वखर्चाने पाठविण्याची तयारी दोराबजींनी दाखविली. मग सरकारने काही द्रव्य दिले, लोकांनी काही दिले आणि १९२० च्या एप्रिलमध्ये पुण्यास निवडीचे सामने झाले.

सहाजणांची निवड झाली. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू, बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी अंतराचे धावपटू, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल. आगबोटीने ते इंग्लंडला पोहोचले. तेथे काही आठवडे त्यांनी एका जाणकाराच्या देखरेखीखाली सराव केला. थंडी नवी, अन्न नवे, भाषा नवी. तांबड्या मातीच्या आखाड्यात वाढलेल्या मल्लांना तर गादीवर आणि परक्या नियमांनी लढावयाचे होते. थोड्या आठवड्यांत यांतले किती साधणार?

महायुद्ध संपून दोन वर्षेही झाली नव्हती. बेल्जमची भूमी त्या युद्धात होरपळून निघाली होती. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरॅथॉन शर्यत झाली. हवा गार होती, पाऊस पडत होता. या शर्यतीचे नेहमीचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. अँटवर्पला ते ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरॅथॉन दुसरी झालेली नाही. अठ्ठेचाळीस धावपटू निघाले. फिनलंडचे हान्नेस कोलेमाइनेन यांनी २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पल्ला गाठून सुवर्णपदक मिळविले. त्यांच्यामागून एकेक धावपटू येऊ लागले. दातारांना शर्यत मध्येच सोडावी लागली. परंतु चौगुले थांबले नाहीत. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी त्यांनी शेवटची रेघ ओलांडली. त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. कांस्यपदक त्यांच्या हातून थोडक्यात निसटले. बाकीच्यांना प्राथमिक फेऱ्यांपलीकडे फारसे जाता आले नाही.

संघ रिकाम्या हातांनी परतला. एवढा खर्च करून काय साधले, असे म्हणणारे लोक अशा वेळी कोठेही निघतातच. दोराबजींनी मात्र हिशेब निराळ्या रीतीने मांडला. पहिल्या आणि एकोणिसाव्या धावपटूंत अंतर होते अठरा मिनिटांचे. जो देश प्रथमच संघ पाठवीत होता, ज्याच्याजवळ धड धावपट्टी नव्हती आणि शिक्षक नव्हता, त्याच्या धावपटूने एवढ्या लांबच्या पल्ल्यात अठराच मिनिटे मागे राहावे, ही त्यांना हार वाटली नाही. उणे काय होते ते त्यांना स्पष्ट दिसत होते. एका पुण्याच्या मैदानावरून सबंध देशाचा संघ निवडता येत नाही. प्रत्येक प्रांतात सामने व्हावेत, त्यांतून निवडक खेळाडू एकत्र यावेत, त्यांना शिकविणारे तयार व्हावेत आणि या सर्वांवर लक्ष ठेवणारी एक संस्था असावी, असे सर्व घडले तरच पुढचे पाऊल पडणार होते. म्हणजे मुंबईच्या शाळांत चाळीस वर्षांपूर्वी जे केले, तेच आता हिंदुस्थानभर करावयाचे होते.

या कामी त्यांना मद्रासेची माणसे लाभली. तेथे हॅरी बक या अमेरिकी गृहस्थांनी १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले होते. शाळा-महाविद्यालयांत मुलांना खेळ व व्यायाम शास्त्रशुद्ध शिकविणारे शिक्षक तेथे तयार होऊ लागले. तेथल्याच ख्रिस्ती तरुण संघाचे डॉ. नोएरन यांनी प्रांतोप्रांती हिंडून क्रीडासंघटना उभारण्यास हातभार लावला. १९२४ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय सामने भरले आणि त्यांतून आठ खेळाडू निवडून पॅरिसच्या ऑलिंपिकला पाठविण्यात आले. बक त्यांच्याबरोबर गेले. या वेळचा संघ एका मैदानाचा नव्हता, प्रांतोप्रांतीचा होता. मॅरॅथॉनमध्ये महादेव सिंग धावले आणि एकोणतिसावे आले. पदक याही वेळी मिळाले नाही. १९२० पेक्षा क्रमांक खालीच घसरला, हे लपविण्याचे कारण नाही. पाया भरला जात असताना भिंत दिसत नाही, एवढेच.

त्याच १९२४ साली दोराबजींवर मोठे संकट कोसळले होते. युद्धानंतरच्या मंदीने पोलादाचा कारखाना डबघाईला आला आणि एके दिवशी जमशेदपूरहून तार आली, की कामगारांच्या पगाराला पैसा नाही. दोराबजींनी आपली जवळजवळ एक कोट रुपयांची खासगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचे दागिने होते, आणि त्या दागिन्यांत कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असलेला, २४५ कॅरटांचा ज्युबिली हिरा होता. कर्ज मिळाले, पगार झाले, कारखाना सावरला. असा प्रसंग ओढवला असता खेळांसारखी गोष्ट कोणीही बाजूला ठेवली असती आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. दोराबजींनी ती बाजूला ठेवली नाही.

१९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना रीतसर स्थापन झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि डॉ. नोएरन व गु. द. सोंधी यांनी चिटणीसाचा भार उचलला. वर्षभरात दोराबजी त्या पदावरून बाजूला झाले. आता वय सत्तरीकडे झुकले होते आणि घडी बसली होती. १९२८ च्या मे महिन्यात अ‍ॅम्स्टरडॅम येथे हिंदुस्थानच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिकमधील देशाचे ते पहिले सुवर्णपदक होय. धावपटूंच्या वाट्याला मात्र तसे यश दोराबजींच्या हयातीत आले नाही. ज्या शेतकऱ्यांच्या पोरांपासून हे सारे सुरू झाले होते, त्यांच्यापैकी कोणी पदक घेऊन परतलेला त्यांना पाहावयास मिळाला नाही.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. दोराबजींना मूलबाळ नव्हते. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी आपली सर्व संपत्ती, आपल्या टाचणीपर्यंत म्हणतात तशी, एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. शिक्षण, संशोधन, दुःखनिवारण यांसाठी ती खर्च व्हावी आणि देताना जात, धर्म, प्रांत काही पाहू नये, अशी त्यात अट घातली. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे आणखी एक निधी वेगळा काढला. त्यांच्या मुख्य निधीतून पुढे मुंबईत समाजकार्य शिकविणारी संस्था, कर्करोगाचे रुग्णालय आणि मूलभूत विज्ञानाची संशोधनसंस्था अशा तीन संस्था उभ्या राहिल्या.

सर्व निरवानिरव करून १९३२ च्या एप्रिलमध्ये ते आगबोटीने युरोपास निघाले. पत्नीच्या पहिल्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या समाधीपाशी असावे असा त्यांचा बेत होता. तो दिवस पंधरा दिवसांवर आला असता, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीतील बाड किसिंगेन या गावी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्यांचा देह इंग्लंडला नेण्यात आला आणि ब्रुकवूड येथील दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.